पगाराचा तक्ता शॉपवर कसा पोहोचला? छोट्या कारखान्याच्या नेटवर्कची सुरक्षित मांडणी

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत चौदा माणसांचा एक जॉबवर्कचा कारखाना आहे. गेल्या वर्षी तिथे शॉपवरच्या, म्हणजे मशीनांच्या शेडमधल्या, सुपरवायझरला एका बुशचे ड्रॉइंग प्रिंट करायचे होते आणि प्रिंटर काही केल्या सापडत नव्हता, म्हणून त्याने संगणकावरचे ‘नेटवर्क’ हे चिन्ह उघडले. तिथे ऑफिसातल्या चारही संगणकांची नावे दिसत होती. त्यातल्या ‘अकाउंट्स’ या नावावर त्याने क्लिक केले आणि दोन फोल्डर ओलांडल्यावर त्याच्यासमोर पगाराचा तक्ता उघडला. त्याने कोणाचा पासवर्ड चोरला नव्हता, कुठले कुलूपही फोडले नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी टर्निंगचे तीन कामगार मालकांच्या केबिनबाहेर उभे होते, आणि संध्याकाळी मालकांनी मला फोन करून विचारले, “कोणता अँटिव्हायरस टाकू?”

संगणकाची सुरक्षा म्हटली की दूरदेशी बसलेला कोणी हॅकर डोळ्यांसमोर येतो आणि त्यावर एखादे सॉफ्टवेअर किंवा एखादी पेटी विकत आणली की भागेल असे वाटते, त्यामुळे त्यांचा प्रश्न स्वाभाविकच होता. पण या प्रकरणात बाहेरचा कोणी नव्हता आणि आतल्याची नियतही वाईट नव्हती. ज्याचे जिथे काम नाही तिथपर्यंत त्याला सहज जाता येत होते, इतकेच घडले होते. छोट्या व्यवसायांच्या नेटवर्कमधले जे घोटाळे निस्तरायला मी गेलो आहे, त्यातले बरेचसे याच जातीचे निघाले. बाहेरून आलेला हल्लासुद्धा आत शिरल्यावर याच मोकळ्या वाटांनी पसरतो, आणि म्हणून या लेखात पेटीपेक्षा वाटांविषयी अधिक लिहिले आहे.

त्याच कारखान्याच्या गेटवर रखवालदाराकडे एक रजिस्टर असते. येणाऱ्याने नाव लिहायचे, कोणाकडे काम आहे ते लिहायचे, वेळ टाकून सही करायची. या एका ओळीत तीन कामे होतात: माणूस कोण आहे याची खात्री होते, त्याला कुठवर सोडायचे ते ठरते आणि तो आल्यागेल्याची नोंद राहते. नेटवर्कवरची प्रवेशव्यवस्था म्हणजे हीच तीन कामे होत. भंगाराच्या टेम्पोसाठी हे रजिस्टर काटेकोरपणे पाळणारे मालक, ग्राहकाची ड्रॉइंगे आणि वर्षानुवर्षांचे हिशेब ज्या तारेवरून फिरतात तिथे मात्र वायफायचा पासवर्ड भिंतीवरच्या कॅलेंडरशेजारी चिकटवून मोकळे होतात, याचे मला अजूनही नवल वाटते.

आधी कागद, मग केबल

कोणतेही उपकरण घेण्यापूर्वी एका आडव्या कागदावर तक्ता काढावा. डावीकडे पदे लिहावीत: मालक, हिशेबनीस, खरेदी आणि स्टोअर पाहणारा, सुपरवायझर, ऑपरेटर, बाहेरून येणारे सीए, मशीन दुरुस्तीचा इंजिनियर आणि पाहुणा. वरच्या ओळीत ज्या गोष्टींपर्यंत पोहोचायचे त्या लिहाव्यात: हिशेबाचा डेटा, पगार, ड्रॉइंगे, साठा, कोटेशने, कॅमेरे, प्रिंटर, इंटरनेट. मग प्रत्येक चौकोनात तीनपैकी एकच शब्द भरावा, तो म्हणजे ‘नाही’, ‘पाहणे’ किंवा ‘बदलणे’. माणसांऐवजी पदे लिहिण्याचे कारण असे की माणसे बदलतात, पदे सहसा बदलत नाहीत. स्टोअरला नवा मुलगा आला की त्याला स्टोअरच्या पदात बसवले म्हणजे काम झाले, त्याच्यासाठी नव्याने अधिकार आठवत बसावे लागत नाहीत.

अंबडच्या त्या कारखान्यात हा तक्ता भरायला अख्खी दुपार लागली आणि ती दुपार कारणी लागली असे माझे मत आहे. सुपरवायझर आणि ड्रॉइंगे यांच्या चौकोनात मालकांनी लगेच ‘बदलणे’ लिहिले, कारण तो कधीकधी मापांची दुरुस्ती करतो. मी विचारले की ग्राहकाकडून सुधारित ड्रॉइंग आले तर जुने कोण काढते. उत्तर आले की ज्याला आठवेल तो. पूर्वी एकदा जुन्याच रिव्हिजनवर माल निघाला होता आणि अख्खा लॉट परत आला होता, ही गोष्ट तेव्हा ओघात बाहेर पडली. शेवटी असे ठरले की ड्रॉइंगच्या फोल्डरमध्ये फक्त एकच जण बदल करेल, शॉपवर ते केवळ पाहता येईल आणि दुरुस्ती सुचवायची असेल तर सुपरवायझर ती वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवेल. हा निर्णय संगणकवाल्याने घ्यायचा नसतोच. तो धंद्याचा निर्णय आहे, संगणक त्याची केवळ अंमलबजावणी करतो.

सर्वांत अवघड चौकोन मालकांचे स्वतःचे होते. त्यांनी सगळीकडे ‘बदलणे’ भरले होते. मी त्यांतले बरेचसे खोडून ‘पाहणे’ करायला सांगितले तेव्हा ते हसून म्हणाले, “कारखाना माझा आणि मलाच मनाई?” त्यांना दिलेले उत्तर इथेही देतो. फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारे रॅन्समवेअर ज्या माणसाच्या लॉगिनवर चालू होते, त्या माणसाला जेवढ्या फाइली बदलण्याचा अधिकार असतो तेवढ्या फाइलींना ते हात घालू शकते. ऑपरेटरच्या लॉगिनवर ते चालले तर ऑपरेटरचे फोल्डर जाते; सर्वाधिकार असलेल्या मालकांनी बनावट कुरिअरच्या मेलमधली फाइल उघडली तर सारा कारखाना जातो. म्हणून मालकांची दोन लॉगिने केली. रोजच्या वापराचे लॉगिन साध्या अधिकारांचे ठेवले, आणि सर्वाधिकाराच्या लॉगिनचा पासवर्ड बंद पाकिटात घालून तिजोरीत ठेवला.

एक अंगण की वेगळ्या खोल्या

आता तारांकडे वळू. इंटरनेट कंपनीने दिलेला राउटर आपल्या उपकरणांना सहसा १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते वाटतो. असे खासगी पत्त्यांचे तीन पट्टे जगभर घरांसाठी आणि कार्यालयांसाठी राखून ठेवलेले आहेत. उरलेले दोन १०. ने आणि १७२.१६ ते १७२.३१ ने सुरू होतात. हे पत्ते थेट इंटरनेटवर चालत नाहीत, राउटर मध्ये बसून भाषांतर करतो, आणि त्यामुळे बाहेरच्याला आतले उपकरण सहजी दिसत नाही. इथवर सारे ठीक आहे. अडचण आतल्या बाजूला आहे. त्या राउटरच्या मागे हिशेबाचा संगणक, आज्ञांवर आपोआप चालणाऱ्या सीएनसी मशीनचा संगणक, कॅमेऱ्यांचे चित्रण साठवणारा डीव्हीआर, कामगारांचे फोन आणि भेटीला आलेल्या ग्राहकाचा लॅपटॉप हे सगळे एकाच अंगणात उभे असतात आणि कोणीही कोणाचेही दार वाजवू शकतो.

जुन्या नाशकातला वाडा ज्यांनी पाहिला आहे त्यांना पुढची कल्पना लगेच समजेल. दिंडी दरवाजातून आलेला माणूस ओसरीवर बसतो, घरचा माणूस माजघरात जातो आणि कोठीच्या खोलीची किल्ली एकाच्याच कमरेला असते. वाडा एकच, पण आत खोल्या वेगळ्या आणि मधली दारे ठरलेली. नेटवर्कमध्ये अशा खोल्या करण्याच्या पद्धतीला व्हीलॅन म्हणतात. तारा एकत्र जोडणारे स्विच तेच राहतात, तारा बहुतांशी त्याच राहतात. फरक इतकाच की तारेवरून जाणाऱ्या प्रत्येक गठ्ठ्यावर खोलीचा क्रमांक लिहिता येतो आणि स्विच एका खोलीचा गठ्ठा दुसऱ्या खोलीत टाकत नाही. हा क्रमांक बारा बिटांचा असल्यामुळे १ ते ४०९४ एवढे क्रमांक वापरता येतात. चौदा माणसांच्या कारखान्याला चार पुरतात. यासाठी साधा, नुसता तारा जोडायचा स्विच चालत नाही, ज्याला आज्ञा देता येतात असा मॅनेज्ड स्विच लागतो. राउटरही खोल्या ओळखणारा हवा. इंटरनेट कंपनीने फुकट दिलेला राउटर अनेकदा या कामी येत नाही, आणि खर्च करायचा तर तो इथे करावा असे मी सांगतो.

त्या कारखान्यात आम्ही चार खोल्या केल्या: ऑफिस, शॉपवरची मशीने, कॅमेरे आणि पाहुणे. खोल्या केल्या की मधल्या दारांचे नियम लिहावे लागतात, आणि इथे एक तत्त्व धरून चालावे की आधी सगळी दारे बंद करायची, मग कामापुरती एकेक उघडायची. सगळे उघडे ठेवून धोकादायक तेवढे बंद करू म्हणणाऱ्याची यादी कधीच पुरी होत नाही. शॉपवरच्या मशीनांना इंटरनेट दिले नाही. त्यांना केवळ ड्रॉइंगच्या साठ्यापर्यंत एक दार दिले. डीव्हीआरलाही बाहेर जायची वाट ठेवली नाही. २०१६ साली मिराई नावाच्या घातक प्रोग्रॅमने कारखान्यातून आलेले मूळ पासवर्ड न बदललेले कॅमेरे आणि राउटर लाखांच्या संख्येने ताब्यात घेऊन त्यांच्याकरवी मोठमोठ्या संकेतस्थळांवर हल्ले चढवले होते, आणि भिंतीवरचा कॅमेरा हा मुळात एक संगणकच आहे हे तेव्हा अनेकांच्या ध्यानात आले. पाहुण्यांच्या खोलीतून फक्त इंटरनेट मिळते, आणि तिथे एका पाहुण्याला दुसरा पाहुणाही दिसत नाही.

मशीनांना वेगळे ठेवण्याचे कारण थोडे सविस्तर सांगायला हवे. सीएनसी मशीनसोबत आलेला संगणक दहा-पंधरा वर्षे चालतो, त्यावरची विंडोज मात्र तोवर म्हातारी होते. मशीन बनवणारा सांगतो की विंडोज बदलली तर आमचा प्रोग्रॅम चालण्याची हमी नाही, आणि मालकांना मशीन बंद ठेवणे परवडत नाही. ही अडचण खोटी नाही. पण मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाच्या रॅन्समवेअरने काय केले तेही विसरता येत नाही. विंडोजच्या फाइल शेअरिंगच्या जुन्या पद्धतीत एक छिद्र होते, मायक्रोसॉफ्टने त्याची दुरुस्ती दोन महिने आधी, मार्च २०१७ मध्येच दिली होती, तरीही ज्यांनी ती बसवली नाही असे संगणक दीडशेहून अधिक देशांत एकामागून एक पडत गेले. कोणी काही क्लिक करण्याची गरजच नव्हती, एका संगणकावरून दुसऱ्यावर तो आपोआप जात होता. ज्या संगणकाला दुरुस्ती बसवता येत नाही, त्याच्यापर्यंत कोणाला पोहोचू न देणे एवढाच मार्ग उरतो. ऑफिसातल्या संगणकांना मात्र ही सबब नाही. विंडोज १० ला मिळणारा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे, तेव्हा तिथे नवी आवृत्ती घेणे क्रमप्राप्त आहे.

खोल्या केल्यावर पहिली तक्रार प्रिंटरची येते, आणि ती आली की बहुतेकजण कंटाळून सगळे पूर्ववत करतात, म्हणून तिचे उत्तर आधीच देतो. प्रिंटर स्वतःची जाहिरात आपल्या खोलीपुरती ओरडून करतो. ती हाक भिंतीपलीकडे जात नाही. त्यामुळे शॉपवरच्या संगणकावर प्रिंटर ‘दिसेनासा’ होतो. तो बिघडलेला नसतो. प्रिंटरला राउटरमध्ये एक कायमचा पत्ता ठरवून द्यावा, शॉपवरच्या संगणकावर तो पत्ता हाताने टाकून प्रिंटर जोडावा, आणि मधल्या दारात त्या एका पत्त्यापुरती, छपाईच्या ९१०० क्रमांकाच्या पोर्टपुरती, म्हणजे त्या कामाच्या ठरलेल्या खिडकीपुरती, फट ठेवावी. वीस मिनिटांचे काम आहे. नेमक्या याच कामाच्या अभावी सुपरवायझर पगाराच्या तक्त्यापर्यंत पोहोचला होता, हे इथे सांगायला हवे.

वायफायबद्दल समज आणि गैरसमज

वायफायच्या बाबतीत लोक नको तिथे कष्ट घेतात. नेटवर्कचे नाव लपवून ठेवले की ते सुरक्षित होते असे अनेकांना वाटते, पण लपवलेले नाव साध्या फुकट प्रोग्रॅमलाही सापडते. ठरावीक उपकरणांचेच क्रमांक आत घेण्याची युक्तीही अशीच तकलादू आहे, कारण तो क्रमांक नक्कल करता येतो. करायचे ते वेगळे आहे. राउटरवर वायफायच्या सुरक्षेची पद्धत म्हणून डब्ल्यूपीए-२ किंवा २०१८ साली आलेले डब्ल्यूपीए-३ निवडावे, त्याहून जुने काही नको. पासवर्ड न टाकता उपकरण जोडून देणारी डब्ल्यूपीएस ही बटणाची सोय बंद करावी. तिचा पिन आठ आकड्यांचा दिसतो, पण शेवटचा आकडा केवळ पडताळणीचा असतो आणि उरलेला पिन राउटर चार आणि तीन अशा दोन तुकड्यांत तपासतो, त्यामुळे कोटभर शक्यतांऐवजी सुमारे अकरा हजार प्रयत्नांत तो सापडू शकतो. हा दोष २०११ मध्येच उघड झाला आहे. पासवर्ड लांब असावा. चार-पाच सुटे, एकमेकांशी संबंध नसलेले मराठी शब्द इंग्रजी लिपीत सलग लिहिले तर ते लक्षातही राहतात आणि ओळखायलाही अवघड जातात.

ऑफिससाठी एक आणि पाहुण्यांसाठी एक, अशी वायफायची दोन नावे ठेवून ती आपापल्या खोल्यांना जोडावीत. कामगारांचे फोन पाहुण्यांतच बसवावेत. त्यांना रील पाहायला नेट हवे असते, कारखान्याचा साठा नव्हे. पत्र्याच्या शेडमध्ये एका राउटरने भागत नाही, तिथे वेगळे अ‍ॅक्सेस पॉइंट लावून त्यांच्यापर्यंत केबल न्यावी लागते, आणि केबलची एक लांबी १०० मीटरपुढे जाऊ देऊ नये. एक उणीव मात्र राहतेच. सामाईक पासवर्ड असला की एक माणूस सोडून गेल्यावर तो सगळ्यांसाठी बदलावा लागतो, आणि कोणी बदलत नाही. प्रत्येकाला वायफायसाठीही स्वतःचे नाव आणि पासवर्ड देण्याची सोय चांगल्या उपकरणांत असते. माणसे वीसच्या पुढे गेली की ती जरूर वापरावी, त्याआधी ऐच्छिक समजावी.

नावे, गट आणि फोल्डर

आता त्या तक्त्यातले शब्द संगणकाला सांगायचे. यासाठी प्रत्येक माणसाला स्वतःचे नाव हवे. ‘ऑफिस’, ‘अ‍ॅडमिन’, ‘युजर१’ अशी सामाईक लॉगिने ही सगळ्या दुखण्याची मुळी आहे, कारण सामाईक नावाला जबाबदारी चिकटत नाही. कंपनी म्हणून नोंदलेल्या व्यवसायांना तर १ एप्रिल २०२३ पासून हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद राहणे आणि ती बंद करता न येणे कायद्याने बंधनकारक आहे. पण टॅलीत चौघेही एकाच नावाने शिरत असतील तर ती नोंद एवढेच सांगते की बिल ‘ऑफिस’ने बदलले. ई-वे बिल आणि ई-इन्व्हॉइसच्या पोर्टलवरही मुख्य लॉगिनखाली दुय्यम वापरकर्ते तयार करण्याची सोय आहे. मालकांचा पासवर्ड आणि मालकांच्या फोनवर येणारा ओटीपी दिवसभर ओरडून विचारत बसण्यापेक्षा ती वापरलेली बरी.

दहा-पंधरा माणसांसाठी मोठा सर्व्हर लागतोच असे नाही. सगळ्या सामाईक फाइली एका छोट्या नॅस यंत्रावर, म्हणजे नेटवर्कला जोडलेल्या फाइलींच्या कपाटावर, आणाव्यात आणि सगळ्यांची नावे तिथेच तयार करावीत. आपापल्या संगणकावरचे फोल्डर एकमेकांना शेअर करण्याची पद्धत बंद करावी, कारण तिच्यात अधिकार चार संगणकांवर विखुरतात आणि कोणाला काय दिले याचा हिशेब कोणाकडेच राहत नाही. संगणक वीस-पंचवीसच्या पुढे जाऊ लागले, तर मात्र विंडोज सर्व्हरवरची अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी घ्यावी. मग एका ठिकाणी नाव बंद केले की ते सगळीकडे बंद होते. संगणक घेताना एक खाचखळगा पाहून ठेवावा, तो असा की विंडोजची होम आवृत्ती अशा व्यवस्थेत सामील होत नाही, प्रो लागते. दुकानदार स्वस्तातला लॅपटॉप म्हणून होम देतो आणि वर्षभराने ते कळते.

फोल्डरचे अधिकार कधीही एकेका माणसाला देऊ नयेत. लेखा, स्टोअर, उत्पादन असे गट करावेत, अधिकार गटाला द्यावेत आणि माणसाला गटात घालावे. विंडोजवर एक गोष्ट गोंधळात टाकते: फोल्डरला अधिकारांच्या दोन याद्या असतात, एक शेअरिंगची आणि एक फाइलींची, आणि नेटवर्कवरून येणाऱ्याला दोन्हींपैकी जी कडक असेल ती लागू होते. त्या अकाउंट्सच्या संगणकावर दोन्ही याद्यांत ‘एव्हरीवन’ आणि ‘फुल कंट्रोल’, म्हणजे कोणालाही सगळी मोकळीक, असे होते. कधीतरी कोणाला तरी फाइल उघडेना म्हणून घाईत केलेली ती सोय होती आणि ती तीन वर्षे तशीच राहिली. रोजच्या वापराच्या लॉगिनला संगणकाचे अ‍ॅडमिन अधिकारही देऊ नयेत. नवा प्रोग्रॅम टाकायला दर वेळी वेगळा पासवर्ड लागतो अशी कुरकुर होते, पण त्या पासवर्डाशिवाय प्रोग्रॅम बसत नाही यासाठीच तर ती व्यवस्था असते.

इथे एक प्रामाणिक मर्यादा सांगतो. हिशेबाची काही सॉफ्टवेअरे अनेकांनी मिळून वापरायची तर त्यांच्या डेटाच्या फोल्डरवर वापरणाऱ्या प्रत्येकाला लिहिण्याचा अधिकार द्यावाच लागतो, म्हणजे सॉफ्टवेअरच्या आत कितीही बंधने घातली तरी तो माणूस बाहेरून ते फोल्डर उचलून पेनड्राइव्हवर घेऊ शकतो किंवा पुसू शकतो. यावर सॉफ्टवेअर कंपन्यांची वेगळी, जास्त किमतीची सर्व्हर आवृत्ती असते. ती घ्यायची की चांगल्या बॅकअपवर विसंबायचे, हे हिशोबाला किती हात लागतात त्यावर ठरवावे.

पासवर्ड दर महिन्याला बदलायला लावण्याची जुनी रीत सोडावी. अमेरिकेच्या मानक संस्थेने, म्हणजे निस्टने, २०१७ सालीच सांगितले की लांब पासवर्ड ठेवावा आणि तो फुटल्याचा संशय आला तरच बदलायला लावावा, कारण सक्तीने बदलायला लावले की लोक शेवटचा आकडा एकाने वाढवतात. मेलला आणि बँकेला मात्र दुसरी पडताळणी असलीच पाहिजे.

बाहेरून येणारी वाट

दिवाळीत गावी गेलेल्या हिशेबनिसाला घरून काम करायचे असते, आणि मशीनचा इंजिनियर म्हणतो की मी पुण्याहूनच पाहतो. मग कोणीतरी राउटरमध्ये रिमोट डेस्कटॉपचे ३३८९ हे पोर्ट जगासाठी उघडते. असे करू नये. इंटरनेटवर अशी उघडी दारे शोधत फिरणारे प्रोग्रॅम रात्रंदिवस चालू असतात. दुसरी पद्धत दुरून संगणक चालवू देणाऱ्या एनीडेस्कसारख्या साधनांची. ती वाईट नाहीत, पण काम झाल्यावरही ती चालूच राहतात आणि कायमचा पासवर्ड बाहेरच्या माणसाकडे राहतो. एका ठिकाणी, दोन वर्षांपूर्वी काम सोडलेल्या दुरुस्तीवाल्याला अजूनही हिशेबाच्या संगणकात शिरता येत होते; त्याने कधी गैरफायदा घेतला नाही, हा त्याचा चांगुलपणा. बाहेरच्या इंजिनियरला त्या दिवसापुरते दार उघडून द्यावे, कोणीतरी समोर बसून पाहावे आणि काम झाल्यावर ते बंद करावे.

आपल्या माणसांसाठी व्हीपीएन लावावे, म्हणजे बाहेरून येणारा आधी आपले नाव सिद्ध करतो आणि मग एका कुलूपबंद बोगद्यातून आत येतो. आत आल्यावरही त्याला तक्त्यात लिहिलेल्या खोलीतच जाता येते. अनेक ब्रॉडबँड कंपन्या आता ग्राहकाला स्वतंत्र सार्वजनिक पत्ता देत नाहीत, शेकडो ग्राहकांना एका पत्त्यामागे ठेवतात, त्यामुळे व्हीपीएन लावूनही बाहेरून जोडणी होत नाही. अशा वेळी जादा पैसे भरून स्थिर पत्ता मागावा.

नोकरी सोडणाऱ्याच्या कागदावर हिशेब चुकता, ओळखपत्र परत, याच्याखालीच ‘लॉगिन बंद’ अशी एक ओळ घालावी आणि ती शेवटच्या दिवशीच पाळावी. नाव पुसू नये, बंद करावे, म्हणजे जुन्या नोंदीत ते नाव वाचता येते.

बॅकअप आणि घड्याळ

तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर आणि त्यातली एक जागेबाहेर, हा बॅकअपचा नियम पुष्कळांना ठाऊक असतो. त्यात मी एक भर घालतो की बॅकअपच्या जागी बदल करण्याचा अधिकार कोणत्याही रोजच्या लॉगिनला नसावा. हिशेबाच्या संगणकाला कायम जोडून ठेवलेली हार्ड डिस्क हा रॅन्समवेअरच्या दृष्टीने आणखी एक फोल्डर आहे, दुसरे काही नाही. नॅसने स्वतः रात्री येऊन प्रत उचलावी. संगणकाने ती नॅसवर ढकलू नये. आणि तीन महिन्यांतून एकदा एखादी फाइल परत आणून उघडून पाहावी.

नोंदींबाबत सर्ट-इन या केंद्रीय संस्थेचे २८ एप्रिल २०२२ चे निर्देश माहीत असावेत. त्यांनुसार ठरावीक प्रकारचे सायबर हल्ले लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावे लागतात, संगणकयंत्रणांच्या नोंदी १८० दिवस ठेवाव्या लागतात आणि यंत्रणांची घड्याळे जुळवून ठेवावी लागतात. शेवटची अट किरकोळ वाटते, पण अंबडच्या त्या कारखान्यातला डीव्हीआर सतरा मिनिटे मागे होता, राउटर घड्याळ कधी न लावल्यामुळे १९७० सालात होता, आणि दोन्हींची सांगड घालून कोणी कधी काय केले हे सांगणे केवळ अशक्य होते. राउटर, नॅस, कॅमेरे आणि संगणक या सगळ्यांना एकाच ठिकाणाहून वेळ घ्यायला लावणे हे पाच मिनिटांचे काम आहे. पैशांची फसवणूक झाली तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब फोन करावा. पैसा पुढच्या खात्यात सरकण्याआधी तो अडवता येण्याची शक्यता तेव्हाच सर्वाधिक असते.

हे सारे एका दिवसात बदलू नये. आम्ही साप्ताहिक सुटीच्या दिवशी तारा आणि खोल्या केल्या, पण पहिला आठवडा दारे बंद न करता कोण कुठे जाते याची केवळ नोंद घेतली. त्यात स्टोअरचा संगणक दर तासाला हिशेबाच्या संगणकाशी बोलतो असे दिसले. साठ्याचा आकडा तिथून येत होता आणि तक्त्यात तो चौकोन भरायचा राहिला होता. तो भरला आणि पुढच्या सुटीला दारे लावली.

तपासणीसाठी मी सुपरवायझरलाच शॉपवरच्या संगणकावर बसवले. त्याने स्वतःच्या नावाने लॉगिन केले आणि जुन्याच वाटेने ‘नेटवर्क’ उघडले. तिथे एकही नाव दिसले नाही. मी सांगितल्यावर त्याने नॅसवरच्या पगाराच्या फोल्डरचा मार्ग हाताने टाइप केला, तेव्हा परवानगी नसल्याची चौकट समोर आली. मग त्याने फोनवरून पाहुण्यांच्या वायफायवर जाऊन डीव्हीआरचा पत्ता टाकला. पान उघडले नाही. शेवटी त्याने बुशचे ड्रॉइंग उघडून प्रिंटचे बटण दाबले, आणि ऑफिसातून कागद निघाल्याचा आवाज आला. तक्त्याच्या मागे त्या दिवसाची तारीख टाकून आम्ही दोघांनी सही केली.